माझी आई रोबोट नाही

आज दुपारी दोनला आईचा फोन आला. एरवी या वेळेला ती फोन करत नाही. डबे गेले की ओटा आवरून तासभर पाठ टेकते. म्हणाली, "ते तू फोनमध्ये घालून दिलंयस ना, ते काढून टाकता येईल का गं? लोकांना वाईट वाटतं." आवाज इतका पडलेला होता की मी जागेवरून उठून जिन्यात गेले आणि तिथून बोलले.

झालं असं. दोन अक्षरं दाबली की ठरलेलं अख्खं वाक्य येतं, अशी सोय मी आईच्या फोनमध्ये करून दिलीय. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात आईचे सहा डबे जातात. त्यातल्या एका गृहस्थांनी तिला लिहिलं, "काकू, छापील उत्तरं पाठवू नका. रोबोटशी बोलतोय असं वाटतं. पैसे देतो आम्ही, दोन ओळी नीट लिहायला काय होतं?"

दोन ओळी लिहायला काय होतं, ते मी सांगते.

माझी आई ठाण्यातच, चरईत राहते आणि अकरा वर्षं डबे करते. सध्या ४२ आहेत. पहाटे साडेचारला कणीक भिजवते. नऊ ते साडेअकरा या वेळात पोळ्या, भाजीची फोडणी, डबे भरणं आणि फोन हे सगळं एकाच वेळी चालू असतं. या अडीच तासांत तिला पन्नास-साठ मेसेज येतात. आज भाजी काय, डबा निघाला का, आज नको, उद्या दोन द्या, पैसे पाठवले बघा. आणि तिच्या दोन्ही हातांना कणीक असते.

ती कशी टाइप करते ते तुम्ही बघितलेलं नाही. मी बघितलंय. उजव्या हाताची तर्जनी दुमडते आणि मधल्या पेराने, सांध्याच्या हाडाने, एकेक अक्षर दाबते, कारण बोटाच्या टोकाला कणीक असते. मान वाकडी, चष्मा नाकावर घसरलेला, तो वर करायला हात मोकळा नाही म्हणून खांद्याने ढकलते. तव्यावर पोळी फुगलेली असते. 'डबा निघाला आहे' एवढं लिहीपर्यंत ती पोळी करपते. गेल्या पावसाळ्यात तिच्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. डॉक्टरांनी सांगितलं, लाटणं आणि मोबाइल, दोन्ही कमी करा. लाटणं कमी करून आमचं भागणार नव्हतं. राहिला मोबाइल.

म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी ऐरोलीहून गेले आणि तिच्यासमोर बसून हे करून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे माहीत नसणारेच जास्त आहेत. तिचा फोन अँड्रॉइड आहे, कीबोर्ड गूगलचा जीबोर्ड. त्याच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, त्यात पर्सनल डिक्शनरी. तिथे एका ओळीत पूर्ण वाक्य लिहायचं आणि दुसऱ्या ओळीत त्याची खूण. आईच्या फोनवर इंग्रजी डी आणि एन ही दोन अक्षरं दाबली की वरच्या पट्टीत 'डबा निघाला आहे, १५ मिनिटांत पोहोचेल' असं अख्खं देवनागरीत येतं. त्यावर एकदा टेकवायचं, झालं. कीबोर्ड मराठी-इंग्रजी असा बदलतही बसावं लागत नाही. आयफोनवर हेच सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट इथे आहे, आणि तिथे स्पेस दिली की वाक्य आपोआप बदलतं. ही सोय आयफोनवर २०११ पासून आहे. इतकी वर्षं ती फोनमध्ये पडून आहे आणि आपल्या आया पेराने अक्षरं दाबतायत.

खूण निवडताना एक सांभाळायचं, जो शब्द एरवी लिहितो तो घ्यायचा नाही. मी आधी पत्त्यासाठी 'घर' हीच खूण ठेवली होती, तर घर लिहिलं की दर वेळी पत्ता डोकं वर काढायचा. शब्दात जी अक्षरं सहसा शेजारी येत नाहीत अशी दोन घ्या. आणि ओटीपी, पिन, कार्डाचा नंबर यातलं काहीही त्यात घालू नका. फोन कोणाच्याही हातात जातो.

वाक्यं आईनेच सांगितली, हे मला पुन्हा पुन्हा सांगायचंय. मी फक्त टाइप केली. 'पैसे मिळाले, देव बरं करो' हे तिचं. मी 'धन्यवाद' लिहिलं होतं, ती म्हणाली, मी कधी कोणाला धन्यवाद म्हणते का? 'डबा गरम आहे, झाकण जपून उघडा' हेही तिचं, कारण एकदा एका मुलीच्या हातावर आमटी सांडली होती आणि आई आठवडाभर तिला विचारत होती, हात कसा आहे. एकवीस वाक्यं झाली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी बसलो होतो. तिने प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं, आवडलं नाही तर बदललं. त्याला कोणी छापील म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तुम्ही म्हणाल, वाक्य एकदाच मनापासून लिहिलं आणि पन्नासदा पाठवलं तर ते मनापासून कसं? मग आपल्या पत्रांचं काय करायचं ते सांगा. आईच्या कपाटात माझ्या मामाने आजोबांना लिहिलेली इनलँड पत्रं आहेत. प्रत्येक पत्र 'ती. बाबांस सा. न. वि. वि.' असंच सुरू होतं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इतकं सगळं चार अक्षरांत. आजोबा वाचताना ते पूर्ण उच्चारायचे, आईला अजून आठवतं. शेवटी मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. प्रत्येक पत्रात तेच. कोणी म्हणालं का की मामाचं बाबांवर प्रेम नाही? तारेत तर ठरलेल्या शुभेच्छांना आकडेच होते. आकडा सांगायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य पोचायचं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा सगळ्यांनी गळा काढला. चि., सौ., रा. रा., चि. सौ. कां., हे सगळं आपलंच आहे. आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या असं आखडतं घेत आली आहे आणि समोरचा ते पूर्ण करून वाचत आला आहे. फोन आता तेवढंच करतोय, फक्त पूर्ण करायचं काम इकडच्या बाजूला आलंय.

आणि ऑफिसात बसून हे लिहिणाऱ्या माणसाच्या प्रत्येक मेलखाली नाव, हुद्दा, फोन नंबर आणि 'विथ रिगार्ड्‌स' आपोआप येतं. माझ्याही येतं. ते कोणी रोज हाताने लिहीत नाही आणि त्यावर कोणी कोणाला रोबोट म्हणत नाही. एसीत बसून केलं की ती कामाची पद्धत, आणि चरईतल्या बाईने गॅससमोर उभं राहून केलं की तिला माणुसकी नाही? मला हे सहन होत नाही. होणारही नाही.

हो, 'भावपूर्ण श्रद्धांजली' दोन अक्षरांत पाठवणारे असतात आणि ते मलाही आवडत नाही. पण इथे पोळी-भाजीबद्दल बोलणं चाललंय.

मराठीचा मुद्दा वेगळाच, आणि तो मला जास्त लागतो. हे करून द्यायच्या आधी आई घाईत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागली होती. माझी आई, जिचं अक्षर बघून शाळेत बाई फळ्यावर सुविचार लिहायला तिला बोलवायच्या. जोडाक्षर, रफार, ॲ आणि ऑ शोधण्यात वेळ जातो म्हणून. आपण सगळ्यांनीच ही सवय एसएमएसच्या दिवसांत लावून घेतली. इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळायची आणि देवनागरीत ७०, म्हणजे मराठीत लिहिलं की पैसे जास्त. तो हिशोब कधीच संपला, सवय राहिली. एकदा एका मुलाने तिला विचारलं, 'कधी?', इंग्रजी अक्षरांत. डबा कधी येणार, असं त्याला विचारायचं होतं. आईने वाचलं 'कढी'. तिने लिहिलं, हो आहे, आंबट ताकाची केलीय. तो बिचारा साडेबारापर्यंत वाट बघत राहिला, आणि कळल्यावर आईला इतकं ओशाळल्यासारखं झालं की दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या डब्यात एक लाडू जास्तीचा घातला. आता तिचा प्रत्येक मेसेज शुद्ध मराठीत, काना-मात्रा जागेवर. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली दोन अमराठी मुलं तिचे मेसेज वाचून मराठी वाचायला शिकतायत, असं त्यांनीच तिला सांगितलं. हे काढून टाकू?

एवढं लिहून मी मघाशी थांबले होते. आता रात्रीचे साडेदहा झालेत, मी चरईत आईकडे आहे. ऑफिस सुटल्यावर घरी न जाता थेट ठाण्याची गाडी पकडली. खालचं लिहिताना राग थोडा उतरलाय, पण वरचं काही खोडत नाहीये.

आल्यावर आईचा फोन हातात घेतला आणि त्या गृहस्थांचं पूर्ण बोलणं वर जाऊन वाचलं. दुपारी मला फक्त शेवटचा मेसेज माहीत होता. आज डबे पोचवणाऱ्या मुलाची स्कूटर तीन हात नाक्याजवळ पंक्चर झाली होती. बारा वाजून पाच मिनिटांनी यांनी विचारलं, डबा कुठे आहे. उत्तर गेलं, 'डबा निघाला आहे, १५ मिनिटांत पोहोचेल.' साडेबाराला पुन्हा विचारलं. उत्तर तेच. बारा पन्नासला विचारलं. उत्तर तेच, अक्षर न् अक्षर तेच. डबा एक वाजता पोचला.

ठीक आहे. तीनदा तेच वाक्य आलं तर भुकेला माणूस चिडणार. त्यांची भाषा मला तरीही मान्य नाही.

आईला विचारलं, तिन्ही वेळा तेच का पाठवलंस? ती म्हणाली, "मला काय माहीत तो कुठे अडकलाय ते, तो फोन उचलत नव्हता. हात पिठात. डी-एन सोपं पडलं." मग जरा वेळाने म्हणाली, "चुकलंच माझं. पंधरा मिनिटं म्हणून मी त्यांना तीनदा खोटं सांगितलं." मी म्हटलं, तू खोटं नाही सांगितलंस, वाक्यच चुकलं. वाक्यात मिनिटं घालायलाच नको होती. रोज खरी ठरतील अशी ती मिनिटं नव्हेत, ठाण्याच्या रस्त्यांवर तर नव्हेतच.

मग आम्ही दोघी पुन्हा बसलो. कणकेचं ताट बाजूला, फोन मध्ये, दिवाळीनंतरच्या त्या रविवारसारखं. डी-एनचं वाक्य बदललं. आता तिथे फक्त 'डबा निघाला आहे, वेळ:' एवढंच येतं आणि पुढचा आकडा तिने स्वतः टाकायचा. आकडा दोन अक्षरांचा, पेरानेही टाकता येतो. उशिरासाठी एक नवीन केलं, इंग्रजी यू आणि एस: 'आज उशीर होतोय, कारण विचारून लगेच कळवते.' हे पाठवलं की तिने त्या मुलाला फोन लावायचाच, असं ठरलं. रोजच्या मेन्यूसाठी तिच्या धंद्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस घालून देणार आहे. त्यात तयार उत्तरं ठेवता येतात, तिरकी रेघ दाबली की यादी समोर येते आणि चार ओळींचा मजकूरही एका टेकवण्यात जातो. पर्सनल डिक्शनरीत एवढं लांब नीट बसत नाही.

एक वाक्य मात्र तिने काढून टाकायला लावलं. इंग्रजी एम दोनदा दाबलं की 'माफ करा, पुन्हा असं होणार नाही' असं यायचं. मी म्हटलं, अगं, तेच तर सगळ्यात उपयोगाचं आहे. ती म्हणाली, "ते नको. ते लिहिताना हात धुवून बसेन मी."

आणि खरंच बसली. हात धुतले, पदराला पुसले, चष्मा नीट लावला, मराठी कीबोर्ड उघडला आणि त्या गृहस्थांना लिहायला घेतलं. अंगठा दुखतो म्हणून तर्जनीने. मी मदत करू का म्हटलं तर फोन दुसऱ्या बाजूला वळवला. सहा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. स्कूटर पंक्चर झाल्याचं लिहिलं, तीनदा चुकीची वेळ सांगितल्याचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की माझ्या हाताला कणीक असते म्हणून मुलीने ही सोय करून दिली आहे, वाक्यं माझीच आहेत. 'कणीक'मधली वेलांटी आधी ऱ्हस्व पडली होती, ती मागे जाऊन दीर्घ केली.

त्यांचं उत्तर आत्ता आलं. "काकू, मला माहीत नव्हतं. उद्या दोन डबे द्या, पाहुणे आहेत."

आईने लगेच डी आणि टी दाबलं. 'दोन डबे नक्की, भाजीत काय चालत नाही ते सांगा.' तेही तिचंच वाक्य आहे, एकवीसमधलं.