लाल पासपोर्ट दाखवला की अमेरिकेचा व्हिसा? कोण म्हणतं?

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय, जवळपास प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलाय. थोडक्यात असा: "आमदार, खासदार, महापौर सगळ्यांना लाल पासपोर्ट मिळतो, त्यावर अमेरिकेचा डिप्लोमॅटिक व्हिसा आपोआप लागतो, फी नाही, इंटरव्ह्यू नाही, बायकापोरं, सगळे नातेवाईक, अगदी घरातला नोकरसुद्धा त्यातच जातो, आणि तिकडं काहीही केलं तरी पोलीस हात लावू शकत नाहीत. आपण मात्र रांगेत." शेवटचं वाक्य खरंय बाबा, रांग आपल्या नशिबी आहेच. पण बाकीच्या मेसेजमध्ये अर्धवट माहितीला इतका मसाला लावलाय की एकेक मुद्दा सोडवून बघावा लागतो.

"सगळ्यांना लाल पासपोर्ट मिळतो." लाल म्हणजे डिप्लोमॅटिक पासपोर्ट, आणि तो सगळ्यांना नाही मिळत. खासदारांना मिळतो हे बरोबर, पण नुसती आमदारकी किंवा महापौरपद एवढ्यावर तो मिळत नाही. आणि ज्यांना मिळतो त्यांनाही तो पदासाठी मिळतो, पद गेलं की परत करायचा. २०२३ मध्ये राहुल गांधींची खासदारकी रद्द झाली तेव्हा त्यांनी डिप्लोमॅटिक पासपोर्ट जमा केला आणि साध्या पासपोर्टसाठी दिल्लीच्या कोर्टातून एनओसी घ्यावी लागली, हे सगळ्या पेपरात आलं होतं.

"त्यावर व्हिसा आपोआप लागतो." इथंच सगळा घोळ आहे. पासपोर्ट देतं भारत सरकार, व्हिसा देते अमेरिका, आणि अमेरिकेचा नियम स्पष्ट म्हणतो की हातात डिप्लोमॅटिक पासपोर्ट असणं एवढ्यावर कोणी डिप्लोमॅटिक व्हिसाला पात्र होत नाही. ते दोन गोष्टी बघतात: तुम्ही देशाच्या सरकारच्या वतीनं येताय का, आणि फक्त सरकारी कामासाठीच येताय का. दोन्ही हो असेल तर ए-१ किंवा ए-२, म्हणजे सरकारी कामाचे व्हिसा. राजदूत, मंत्री, दूतावासातले आणि कॉन्सुलेटचे (वाणिज्य दूतावासाचे) अधिकारी हे ए-१, बाकीचे सरकारी अधिकारी-कर्मचारी ए-२ मध्ये, आणि तीन महिन्यांपेक्षा कमी दिवसांच्या सरकारी कामाला येणारेही साधारण ए-२ मध्येच. दोन्हीतलं एक जरी नाही असलं तरी मग तुम्ही कितीही मोठे असा, तुमचा आमचा व्हिसा एकच, बी-१/बी-२, म्हणजे धंद्याच्या कामाचा आणि फिरायला जाण्याचा. सरकारी माणूस फिरायला किंवा धंद्याच्या कामाला चालला असेल तरी तोच नियम.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण २००५ चं. नरेंद्र मोदी तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री होते, फ्लोरिडात हॉटेलवाल्या भारतीयांच्या संघटनेच्या कार्यक्रमाला जाणार होते आणि डिप्लोमॅटिक व्हिसा मागितला होता. तो नाकारताना अमेरिकेनं कारण दिलं की भेटीचा उद्देश या व्हिसात बसत नाही. (त्यांच्याकडचा आधीचा टुरिस्ट-बिझनेस व्हिसा रद्द केला तो वेगळ्या कलमाखाली, धार्मिक स्वातंत्र्याच्या, त्याचं राजकारण इथं नको, लोक दोन्ही गोष्टी एकात एक करून टाकतात.) आणि तेच मोदी २०१४ मध्ये पंतप्रधान झाल्यावर तिकडूनच सांगण्यात आलं की सरकारप्रमुख म्हणून ते ए-१ ला पात्र आहेत. माणूस तोच, पद बदललं. देशाच्या किंवा सरकारच्या प्रमुखाला मात्र एक सवलत आहे, तो कशासाठी येतोय हे न बघता त्याला ए-१ मिळतो. हा अपवाद कुणीतरी कुठंतरी वाचला असणार आणि तोच थेट महापौरापर्यंत ओढला असणार, असं मला वाटतं.

महापौरांचं म्हणाल तर राज्याचे, जिल्ह्याचे, शहराचे प्रतिनिधी या व्हिसातून सरळ बाहेर ठेवलेत. पुणे आणि सॅन होजे १९९२ पासून सिस्टर सिटी आहेत, मुंबई आणि लॉस एंजेलिस १९७२ पासून. पण उद्या पुण्याचे महापौर त्या नात्यानं सॅन होजेला गेले तरी बी व्हिसावरच जाणार. आमदारांच्या अभ्यास दौऱ्याचं पण तेच, आणि आपला एखादा खासदार बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळ, तिकडच्या मराठी मंडळांची संघटना) अधिवेशनाला नुसता पाहुणा म्हणून गेला तर त्याचंही तेच.

यावर कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न: मग कर्नाटकचे तेव्हाचे खासदार प्रज्वल रेवण्णा २०२४ मध्ये जर्मनीला व्हिसाशिवाय कसे गेले? कारण जर्मनीशी भारताचा करार आहे, डिप्लोमॅटिक पासपोर्टवाल्याला थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. परराष्ट्र मंत्रालयानं तेव्हा हेच सांगितलं होतं, आणि हेही की या प्रवासासाठी मंत्रालयाकडं ना परवानगी मागितली होती ना दिली होती. अमेरिकेशी असा करार नाहीये, त्यामुळं ते उदाहरण इथं चालत नाही.

"फी नाही, इंटरव्ह्यू नाही." हे बरंचसं खरं आहे, पण मेसेजमध्ये खरा भागच गाळलाय. ए व्हिसाला फी नाही, ए-१, ए-२ ला साधारणपणे इंटरव्ह्यूला बोलवत नाहीत (बोलवू शकतात). पण फॉर्म तोच डीएस-१६०, जो तुम्ही-आम्ही रात्री जागून भरतो आणि सेव्ह न करता बंद पडला की डोकं धरून बसतो. फोटो, पासपोर्ट आलंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिप्लोमॅटिक नोट. ती स्वतः लिहून चालत नाही, पाठवणाऱ्या सरकारनं द्यायची असते, त्यात नाव, जन्मतारीख, पद, कुठं आणि कशासाठी चाललाय, तिथं काम काय करणार, कधी निघणार, किती दिवस राहणार, सोबतच्या कुटुंबीयांची नावं आणि नातं, एवढं सगळं लागतं. म्हणजे "मी मोठा माणूस आहे" हे तुम्ही सांगून उपयोग नाही, "हा आमच्या कामाला चाललाय" असं सरकारनं लेखी सांगायचं.

"सगळे नातेवाईक जातात." नवरा-बायको आणि लग्न न झालेली, त्याच घरात राहणारी मुलं, हे सरळ बसतं. आई-वडील किंवा इतर कुणी असतील तर ते त्याच घरात राहणारे हवेत आणि पाठवणाऱ्या सरकारनंही त्यांना अवलंबून म्हणून मानलेलं हवं. वेगळ्या घरात राहणारा मेव्हणा नाही.

आता नोकर आणि पोलीस, हे दोन्ही मुद्दे एकाच प्रकरणात उलटे पडतात आणि ते प्रकरण आपल्याच मराठी अधिकाऱ्याचं आहे. घरकामाच्या माणसासाठी ए-३ हा वेगळा व्हिसा असतो. त्याला इंटरव्ह्यू लागतोच, लेखी करार लागतो, पगार अमेरिकेतल्या नियमाप्रमाणं, पासपोर्ट मालकानं काढून घ्यायचा नाही, हे सगळं करारात. न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमध्ये उपमहावाणिज्यदूत असलेल्या देवयानी खोब्रागडे यांना १२ डिसेंबर २०१३ ला अटक झाली ती याच ए-३ च्या अर्जावरून, व्हिसासाठी तासाला ९.७५ डॉलर दाखवले आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी ठरवले असा आरोप होता. अंगझडती झाली, दिल्लीत अमेरिकन दूतावासासमोरचे बॅरिकेड काढले गेले, ते सगळं आठवत असेल.

पण अटक झालीच कशी? त्या तर डिप्लोमॅट! कारण व्हिसा म्हणजे संरक्षण नव्हे. संरक्षण ठरतं तिथल्या नेमणुकीवर. राजदूत आणि दूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं, जवळजवळ पूर्ण. कॉन्सुलेटवाल्यांना १९६३ च्या करारातलं, ते मुख्यतः अधिकृत कामापुरतं, गंभीर गुन्ह्यात अटक होऊ शकते. पुढं भारतानं खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या मिशनमध्ये केली, ८ जानेवारी २०१४ ला जी-१ व्हिसा (अशा मिशनमधल्या प्रतिनिधींचा) आणि पूर्ण संरक्षण मिळालं, दुसऱ्याच दिवशी आरोपपत्र दाखल झालं, आणि मार्चमध्ये कोर्टानं ते याच कारणानं रद्द केलं, की त्या दिवशी त्यांना संरक्षण होतं. दोनच दिवसांत सरकारी वकिलांनी नवीन आरोपपत्र दाखल केलं, ते सोडा. पण "काहीही केलं तरी" म्हणणाऱ्यांनी हे तारखांसकट वाचावं.

मेसेजच्या शेवटी काही ठिकाणी एक नंबर पण जोडलेला दिसतो, "मानद कॉन्सुल व्हा, डिप्लोमॅटिक पासपोर्ट मिळवा, संपर्क करा". त्या नंबरवर फोन करू नका. मानद कॉन्सुल हे खरं पद आहे, पण बहुतेकदा ते ज्या देशात काम करायचं तिथल्याच रहिवाशाला दिलेलं असतं आणि यजमान देशाची मंजुरी लागते, पैसे भरून घरपोच येत नाही. जुलै २०२५ मध्ये गाझियाबादला भाड्याच्या बंगल्यात वेस्टार्क्टिका वगैरे कुणी मान्यता न दिलेल्या 'देशांचा' दूतावास थाटलेला पोलिसांनी पकडला, दारात डिप्लोमॅटिक नंबर प्लेटच्या गाड्या आणि आत डझनभर 'डिप्लोमॅटिक पासपोर्ट', सगळे बोगस.