मऊ पडल्यात की गं!

आमच्या घरात पदार्थ आधी कानाने खातात, मग तोंडाने. सासूबाई कडक भाकऱ्या आणायला गेल्या की दुकानदाराने पुढे केलेल्या चवडीतली वरची भाकरी कधीच घेत नाहीत. मधली ओढून काढतात, कोपरा मोडतात आणि मान जराशी तिरकी करून ऐकतात. कट्ट! आवाज मनासारखा आला तर पिशवी उघडते. नाही आला तर "परवाच्या दिसतात" म्हणून त्या पुढच्या दुकानात. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ज्वारीची पापडासारखी पातळ, कितीतरी दिवस टिकणारी भाकरी, वर शेंगाची चटणी आणि दही, ह्यावर वाढलेली माणसं आम्ही. आमच्याकडे कडकपणा म्हणजे पदार्थाचं चारित्र्य.

दिवाळीत तर विचारूच नका. चकली, कडबोळी, शेव, शंकरपाळी, सगळी कानाच्या परीक्षेला बसतात. "अमकीची चकली मऊ पडली" हे वाक्य आमच्या गल्लीत, कुणाच्या मुलाची नोकरी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात सांगतात.

अशा घरात ह्या दिवाळीला मी मऊ कुक्या करायला घेतल्या.

दोष लेकीचा. ती पुण्याला शिकते आणि तिथून दर आठवड्याला काहीतरी शिकून फोन करते. "मम्मी, ह्या वेळी शंकरपाळी नको. बटर कुकीज कर. विकतच्या नको, घरी कर. आणि सॉफ्ट हं. एकदम चुई."

फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"चुई म्हंजे काय गं?"

मी शब्द शोधला. मराठीत एकच सापडला. "म्हणजे... जरा चिवट."

शेंगा सोलायचा आवाज थांबला. "माझी भाकरी चिवट झाली म्हणून माझी सासू माझ्याशी दोन दिवस बोलली न्हवती," त्या म्हणाल्या, "आणि ही पोरगी मागून घ्यालीय?"

माणूस चिवट असला तर आपण कौतुक करतो. पदार्थाचं तसं नाही, हे मलाही मान्य आहे. पण पोरगी चार महिन्यांनी येणार होती.

लेकीने पाठवलेली कृती अमेरिकेतली होती. मोजमाप कपात. त्यांचा कप २४० मिलीचा. आमच्या घरातल्या कपात दोन घोट चहा मावतो, तोही बशीत सांडून. बटर 'एक स्टिक', म्हणजे ११३ ग्रॅम. आणि ओव्हन ३५० अंशांवर. आमच्या ओटीजीचा खटका २५०च्या पुढे फिरतच नाही. मी अर्धा तास खजील होऊन बसले, की आपल्या ऐपतीचाच ओव्हन घेतलाय. मग लेकीने सांगितलं की ते फॅरनहाइट आहे, आपले १७५ समज. ऐपत परत आली.

बटर बिनमिठाचं हवं होतं. नव्या पेठेत तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी माझ्याकडे काळजीने बघितलं आणि हळूच विचारलं, "घरात कुणाला बीपी आहे का?"

कृतीतली पहिलीच ओळ अशी: बटर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वाचायला किती सात्त्विक वाटतं. पण कुठल्या खोलीच्या? ज्यांनी हे लिहिलं त्यांची खोली १८ ते २० अंशांची. तेवढ्यात बटर बोट दाबलं की खड्डा पडेल एवढं नरम होतं आणि तसंच राहतं. आमच्या स्वयंपाकघरात दिवाळीच्या तोंडावर भर दुपारी ३३ अंश असतात, शेजारच्या शेगडीवर चकलीचं तेल तापत असतं, आणि बटर ३२ ते ३५ अंशांत वितळतं. मी बटर ओट्यावर ठेवून दार वाजलं म्हणून गेले. गॅसवाला होता. सुट्टे पैसे शोधून परत आले तर वाटीत पिवळी डाळ.

ते तसंच साखरेत घालून फेटलं. इथे जरा शास्त्र सांगते, कारण ते मला फार महागात पडलंय. नरम बटर आणि साखर फेटताना साखरेचे कण बटरमध्ये बारीक बारीक पोकळ्या पाडतात आणि त्यात हवा अडकते. तीच हवा भट्टीत फुगते. बटरचं वरण झालं असेल तर हवेला धरायला काही राहत नाही. मी मात्र २० मिनिटं फेटत होते. हात भरून आला, हवा काही भरली नाही. ट्रेवर सोळा गोळे अंतराअंतराने मांडले, आत सरकवले आणि काचेतून बघत बसले. पाचव्या मिनिटाला ते ओघळले. आठव्या मिनिटाला शेजाऱ्यांना भेटले. बाराव्या मिनिटाला सोळा कुक्यांचं एक थालीपीठ झालं होतं, कडेने काळं आणि मधे भोक पडलेलं.

सासूबाईंनी तुकडा मोडला, ऐकला. कट्ट. "चांगलं झालंय की," त्या म्हणाल्या. "लोणच्याबरोबर खाऊ."

त्या दिवशी पाण्याचा दिवसही नव्हता. बटर लागलेली आठ भांडी साठवणीच्या पाण्यात घासून बघा, म्हणजे माझ्याविषयी सहानुभूती वाटेल.

दुसऱ्या खेपेला मी सगळा अभ्यास करून उतरले. कुकी मऊ राहते ती पाण्यामुळे. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुपात पाणी नसतं, म्हणून तुपाची नानकटाई खुसखुशीत होते आणि बटरची कुकी मऊ राहू शकते. शिवाय ते लोक ब्राऊन शुगर घालतात. ब्राऊन शुगर म्हणजे पांढरी साखर आणि थोडी मळी, आणि मळी पाणी धरून ठेवते. ती दुकानात मिळते, पण एवढ्याशा पुडीची किंमत बघून मी पुडी परत ठेवली. ज्या जिल्ह्यात हिवाळाभर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालवावी लागते, तिथे साखरेला काळा रंग द्यायला एवढे पैसे? घरात काकवीची बाटली होती. कपभर साखरेला मोठा चमचाभर काकवी चोळली. काम झालं. ह्या सगळ्या प्रकरणातला माझा एकमेव शुद्ध विजय, त्यामुळे दोनदा सांगावासा वाटतोय.

अंड्याचा मात्र प्रश्न होता. मऊपणासाठी जादा बलक घाला, असं कृती म्हणत होती. आमचं घर लिंगायत, त्यात दिवाळी. अंड्याचं नाव काढलं असतं तर मलाच ओव्हनमध्ये घातलं असतं. दोन चमचे घट्ट दही घातलं आणि मैद्यात थोडं कॉर्नफ्लोअर मिसळलं. आता गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा होता, म्हणजे बटर पुन्हा घट्ट होतं आणि कुक्या पसरत नाहीत. फ्रीजमध्ये जागा करायला कोथिंबीर, भिजवलेली डाळ आणि ह्यांची इन्सुलिनची पेटी बाहेर काढली. पेटीवरून वेगळं भांडण झालं, ते इथे नको. पेटी परत आत गेली, डाळ बाहेर राहिली. तास भरला, ओव्हन तापायला लावला आणि लाईट गेली.

कधी येईल हे विचारायला फोन केला तर तिकडून कुणी उचलेना. "भट्टीत घेऊन जा की," सासूबाई म्हणाल्या. "एवढं काय करालीस?"

भट्टी म्हणजे आमच्या मागच्या बोळातली बेकरी. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे पाव कमी आणि नानकटाई जास्त भाजतात. बायका घरून तूप, मैदा, साखर मळून आणतात, तिथल्या काळ्या पत्र्यांवर ओळीने गोळे मांडतात, नावाची चिठ्ठी लावतात आणि गप्पा मारत बसतात. भट्टीवाला किलोवर पैसे घेतो. गंमत म्हणजे कुकी हा शब्दच मुळात डच आहे, आणि आपली नानकटाईही सुरतेच्या डच लोकांच्या बेकरीतून आली असं सांगतात. म्हणजे दोघी एकाच माहेरच्या. पण हे भट्टीवाल्याला पटवायला मला जमलं नाही.

"किती वेळ ठेवू ताई?"

"अकरा मिनिटं."

तो हसला. "इथं घड्याळ न्हाई. वासावर काढतो."

"मग कडा जरा धरल्या की काढा. मधे मऊ असतानाच."

"कच्च्या?"

"कच्च्या नाही हो. मऊ."

"मऊ म्हंजे कच्च्याच की." त्याने हातातलं लांब दांड्याचं लाकडी फावडं भिंतीला टेकवलं. आता हे प्रकरण उभ्या-उभ्या मिटणारं नाही, हे त्याला कळलं होतं. मी त्याला बटरमधलं पाणी सांगितलं, काकवी सांगितली. बाहेर काढल्यावरही गरम पत्र्यावर कुकी आतून भाजली जाते, हेही सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग रांगेतल्या बायकांकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर असंल. पण हे असं पांढरंफटक काढून दिलं तर उद्या लोकं म्हणतील, ह्याच्या भट्टीला आगच न्हाई. वडिलांपासूनची भट्टी आहे."

ह्यावर काय बोलणार? मी चहा घेऊन येते म्हणून कोपऱ्यावर गेले. परत आले तोवर माझा पत्रा बाहेर आला होता. कुक्या विटकरी रंगाच्या. बाजूच्या काकूंनी एक उचलली, मोडली. कट्ट. "काय घातलंस गं? मस्त झाल्यात!" पाच जणींनी कृती विचारली. भट्टीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याने मला बुडताना वाचवलं.

घरी सासूबाईंनी चार खाल्ल्या. मी मात्र हरलेली होते.

धनत्रयोदशीला पहाटे साडेचारला उठले. ती एकच वेळ अशी की आमचं स्वयंपाकघर अमेरिकेच्या जरा जवळ येतं. बटरचे तुकडे करून दहाच मिनिटं बाहेर ठेवले, बोट दाबलं, खड्डा पडला. फेटलं, मिश्रण पांढुरकं आणि हलकं झालं. गोळा गार केला. पत्र्यावर आठच गोळे, एकमेकांपासून लांब, भांडलेल्या जावांसारखे. अकराव्या मिनिटाला दार उघडलं. कडा सोनेरी, मधला भाग फुगलेला आणि लिबलिबीत. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. माझाही सुटत होता. अजून दोनच मिनिटं, असं हात म्हणत होता. मी त्या हाताला दुसऱ्या हाताने धरलं आणि ट्रे बाहेर काढला. दहा मिनिटं पत्र्यावरच ठेवल्या, हात लावला नाही. मग एक उचलून वाकवली. ती वाकली! आवाज न करता वाकली, मग सावकाश तुटली, आणि आत ओलसर, काकवीच्या वासाची. ओट्याला टेकून उभ्या-उभ्या मी ती खाल्ली. आपल्याकडे नवी चादरसुद्धा आधी ताठ असते, दहा धुण्यांनंतर कुठे अंगाला लागते. ही पहिल्याच दिवशी मऊ.

सात वाजेपर्यंत बत्तीस झाल्या. स्टीलच्या डब्यात भरल्या आणि कृतीत सांगितलेली शेवटची युक्ती केली: डब्यात पावाची एक स्लाइस ठेवली. पावातला ओलावा कुक्या ओढून घेतात, मऊ राहतात. लेक रात्रीच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येणार होती. डबा वरच्या फळीवर ठेवला, दुपारी जेवले आणि मेल्यासारखी झोपले.

उठले तर साडेपाच. डबा ओट्यावर. शेजारी सासूबाई, समाधानाने वाती वळत बसलेल्या.

"अगं, तुझ्या त्या कुक्या मऊ पडल्यात की गं," त्या प्रेमाने म्हणाल्या. "सादळल्या सगळ्या. डबा नीट लावला न्हवतास. आत कुणी पावाचा तुकडापण टाकला होता. तू दमलीस, म्हणून उठवलं न्हाई."

"मग?"

"मग काय, ह्याला पाठवलं भट्टीवर."

नवरा दारातून चपला काढत होता. "पैसे घेतले नाहीत गं त्यानं," तो म्हणाला. "म्हणाला, ताईंच्या कच्च्याच राहिल्या होत्या, पुन्हा लावून देतो."

मी झाकण उघडलं. बत्तीस कुक्या, विटकरी रंगाच्या, ओळीने लावलेल्या. आणि वर, कागदात वेगळी गुंडाळून, माझ्या पावाची स्लाइस. तिचाही टोस्ट करून दिला होता.

रात्री सव्वादहाला लेक आली. पाय धुतले न धुतले आणि डब्यात हात घातला. मी काही बोलले नाही. तिने एक कुकी घेतली, दोन्ही हातांत धरली आणि वाकवायला गेली.

कट्ट!

आतल्या खोलीतून, अंधारातून, अर्धवट झोपेतला आवाज आला, "आत्ता झाल्यात बघ."