भाग पहिला पाहिला नसला तरी चालेल

साडू येणार असले की आमच्याकडे सोफ्याचे अभ्रे बदलतात, फ्रिजवरची धूळ निघते आणि मी टीव्हीची हिस्टरी पुसतो. शेवटचं काम सगळ्यांत गुपचूप करावं लागतं. कुणाला वाटेल, तसलं काही असेल. तसलं असतं तर परवडलं असतं, वयाचा दोष म्हणून खपून गेलं असतं. त्या हिस्टरीत असतो 'अमेरिकन निंजा' या मारधाडपटाचा तिसरा भाग. दोनदा पाहिलेला.

आमचे साडू दर वर्षी रजा टाकून पुण्याच्या फिल्म फेस्टिव्हलला बसतात. गळ्यातला पास पुढे महिनाभर गळ्यातच असतो, मंडईत मेथी निवडतानासुद्धा. घरात आले की चहाच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "मग, काय बघताय सध्या?" आठ वर्षांपूर्वी या प्रश्नाने माझी अशी गाळण उडाली की तोंडातून निघून गेलं, "इराणी." साडूंनी डोळे मिटून मान हलवली. "कुणाचा?" मी म्हटलं, "नाव जरा अवघड आहे." त्यांनी आणखी हळू मान हलवली. तेव्हापासून सासरच्या मंडळींत मी इराणी सिनेमाचा जाणकार आहे. बारशाला गेलो तरी कुणीतरी ताट घेऊन शेजारी बसतं आणि विचारतं, "त्यांच्याकडे लहान मुलांचे चांगले असतात ना?"

माझ्या खऱ्या व्यसनाचं, म्हणजे असल्या मारधाडपटांचं मूळ कराडच्या आमच्या गल्लीत आहे. तेव्हा व्हीसीआर भाड्याने यायचा, घरटी पाच रुपये वर्गणी काढून. तो चादरीत गुंडाळून, तान्हं बाळ आणावं तसा दोघांनी मिळून आणायचा. बरोबर तीन कॅसेटी. पहिली देवाधर्माची, आज्यांसाठी. दुसरी हिंदी, रडायची, आयांसाठी. तिसरी लागायची रात्री दोनला. तोवर आज्या जागीच कलंडलेल्या असत, आया चपला शोधत घरी गेलेल्या असत आणि उरायचो आम्ही सात-आठ पोरं आणि "मी फक्त मशिनीवर लक्ष ठेवायला थांबलोय" म्हणणारे एक काका. तिसरी कॅसेट म्हणजे इंग्लिश फायटिंग.

कॅसेटच्या खोक्यावर ब्रूस ली असायचा. आत मात्र भलताच माणूस. आमच्यात जुंपायची. एक म्हणायचा, "अरे तोच आहे, केस कापलेत." दुसरा म्हणायचा, "आजारी होता मधे, म्हणून उतरलाय." आजारी कसला, ब्रूस ली २० जुलै १९७३ लाच गेला होता, वय वर्षं ३२. पण त्याच्या नावावर चाललेला धंदा तेवढ्याने थोडाच थांबणार? त्याच्यासारखे दिसणारे, मग थोडेफार दिसणारे आणि शेवटी अजिबात न दिसणारेही नट पडद्यावर उभे राहिले. तैवानच्या हो चुंग-ताओ या नटाचं नाव इंग्रजीत एक अक्षर इकडेतिकडे करून ब्रूस ली ठेवलं गेलं. आणखी एक ब्रूस ले, एक ड्रॅगन ली. इंग्रजी वाचणाऱ्याला निदान स्पेलिंगमधली चलाखी दिसते. मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहावा असा नियमच आहे, त्यामुळे आमच्याकडे अस्सल आणि नक्कल, दोघेही ब्रूस ली. शुद्धलेखनाने माझं केलेलं हे एकमेव नुकसान.

त्यावरही कडी म्हणजे १९७८ साली आलेला 'गेम ऑफ डेथ'. ब्रूस लीने अर्धवट सोडलेला हा सिनेमा नंतर दुसऱ्यांना त्याच्या जागी उभं करून पुरा केला. त्यात एक शॉट आहे. नायक आरशासमोर बसलाय आणि आरशात बरोबर त्याच्या तोंडाच्या जागी ब्रूस लीचा कापलेला फोटो चिकटवलाय. रविवारच्या पुरवणीतून कात्रीने कापावा तसा. खालचं अंग हलतंय, वरचं तोंड ढिम्म. हा शॉट मी घरच्यांना थांबवून, मागे नेऊन दाखवला. मुलगा म्हणाला, "बाबा, हे फोनवर पण यापेक्षा चांगलं जमतं." अरे, जमतं म्हणूनच कुणाला त्याचं काही वाटत नाही! त्या रात्री कुणीतरी कात्री आणि डिंक घेऊन बसलं असेल, लांबून बघितलं असेल आणि म्हणालं असेल, चालतंय की. मला त्या माणसाला भेटायचं आहे.

निंजांकडे, म्हणजे जपानच्या त्या गुप्त लढवय्यांकडे वळू. १९८५ ते १९९३ या काळात 'अमेरिकन निंजा'चे पाच भाग निघाले. पहिल्या दोन भागांत नायक मायकेल डुडिकॉफ. तिसऱ्यात नायकच दुसरा, डेव्हिड ब्रॅडली. चौथ्यात दोघेही. पाचव्यात पुन्हा ब्रॅडली, पण पात्र मात्र वेगळंच. बायको म्हणते, असलं कसं तुम्हाला कळतं? मी म्हणतो, तुझ्या मालिकेतली सून अपघातानंतर पट्टी काढते आणि खालून दुसरीच नटी निघते, ते तुला कसं कळतं? यावर तिने त्या दिवशी माझ्या पानात कोशिंबीर वाढली नाही.

दुसऱ्या भागात समुद्रकिनाऱ्यावर मारामारी आहे. भर उन्हात, पांढऱ्या वाळूत, नखशिखान्त काळे कपडे घातलेले निंजा. गुप्तपणे वावरणं ही यांची शेकडो वर्षांची विद्या! आणि शिस्त अशी की रेशनच्या रांगेत दिसणार नाही. नायक एकाला बडवत असताना बाकीचे आजूबाजूला तलवारी फिरवत, पाय नाचवत आपला नंबर येण्याची वाट बघतात. घुसाघुशी नाही, "मी आधी होतो" नाही. एकदा मी मोजायला बसलो. मागचा एक निंजा बराच वेळ नुसता उड्या मारत होता. शेवटी पाळी आली, पुढे धावला आणि एका लाथेत आडवा झाला. एवढ्यासाठी तो बिचारा सकाळपासून त्या उन्हात काळं नेसून उभा असेल. नायकाकडे माझं लक्षच नसतं, मी असले निंजा हेरून ठेवतो.

पण या घराण्याचे खरे पंडित हाँगकाँगचे गॉडफ्रे हो. यांची रीत आपल्याकडच्या काटकसरी गृहिणीला पटावी अशी आहे. आधीच तयार असलेला एखादा कोरियन सिनेमा घ्यायचा, त्यात थोडे गोऱ्या निंजांचे प्रसंग नव्याने चित्रित करून कालवायचे आणि वरून डबिंगची फोडणी द्यायची. कालच्या भाताचा फोडणीचा भात. आता दोन सिनेमांतली माणसं एकमेकांना भेटणार कशी? फोनवर! या सिनेमातला माणूस फोन उचलतो, त्या सिनेमातला बोलतो. वेगळे देश, वेगळा उजेड, पण बोलणं चोख. 'निंजा टर्मिनेटर'मध्ये तर रिचर्ड हॅरिसन नावाचा पिळदार नट असा फोन लावतो तो गारफिल्ड या कार्टूनमधल्या मांजराच्या आकाराच्या फोनवरून. हातात केशरी मांजर, चेहऱ्यावर जगाची चिंता. हसू त्याला येत नाही, मला येतं. हा करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. हल्ली मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे येतात, वादळातून शार्क उडणारे वगैरे. ते मला दहा मिनिटंही बघवत नाहीत. मोठ्या माणसाने लाडिकपणे बोबडं बोलावं तसं वाटतं.

भुतांचं खातं मी आधी लपून उघडलं होतं. आपले रामसे बंधू सगळ्यांना ठाऊकच आहेत. 'पुराना मंदिर'मधला सामरी हा राक्षस रंगवणारा नट शिक्षणाने इंजिनिअर होता, हे मी एकदा मुलाला अभ्यासाला बसवताना सांगून बसलो आणि बायकोने मला आत बोलावून घेतलं. पुढे मग विलायती भुतं सुरू झाली आणि मी इअरफोन लावून रात्री एकला बघायला लागलो.

त्या दिवशी एकादशी होती. मी 'ट्रोल २' लावला होता, १९९० चा. या सिनेमाचा 'ट्रोल' नावाच्या आधीच्या सिनेमाशी काही संबंध नाही आणि यात एकही ट्रोल नाही. आहेत ते गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, गोणपाट नेसलेले. गावाचं नाव निलबॉग, उलटं वाचलं की गॉब्लिन. हे कोडं सुटायला सिनेमातल्या लोकांना बराच वेळ लागतो. नटमंडळी अमेरिकन, दिग्दर्शक इटालियन आणि त्याचं इंग्रजी यथातथाच. बापाचं काम करणारा गृहस्थ खऱ्या आयुष्यात दातांचा डॉक्टर.

पाणी प्यायला आई उठली. मी रिमोट शोधेपर्यंत ती राजगिऱ्याची वडी घेऊन शेजारी बसलीसुद्धा. "काढ ते कानातलं. आवाज कर. इंग्रजी मला कळत नाही, पण नुसती तोंडं काय बघायची?" मी आवाज केला. पडद्यावर मेलेले आजोबा नातवाला दिसत होते.

"हे कोण?"

"आजोबा. वारलेत. तिथलं काही खाऊ नका म्हणून सांगायला आलेत."

आई वडी चघळत विचार करत राहिली. "आपले जेवायला येतात, यांचे जेवू नका सांगायला येतात. तऱ्हाच वेगळी."

मग मी तिला राक्षसांची भानगड समजावली. ते माणसं खातात, पण तशीच नाही खात. आधी काहीतरी हिरवं खायला घालून माणसाची वनस्पती करतात आणि मग खातात. कारण ते शाकाहारी आहेत.

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठेल. ती म्हणाली, "बरोबर आहे. त्यांचं त्यांना पाळायला नको?"

पुढे तो मुलगा घरच्यांनी ते अन्न खाऊ नये म्हणून भरल्या टेबलावर चढून त्यावर मुततो. आईने "शिव शिव" म्हणत पदर तोंडाला लावला, पण डोळे उघडे होते. शेवटी पोरगं मांसाचं सँडविच खातं आणि राक्षस हतबल होतात, तिथे ती कळवळली. "एकादशीच्या दिवशी काय रे हे दाखवतोस." दोन वाजून गेले होते. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तो बाप मात्र मनापासून करतोय हो. दातांचा डॉक्टर म्हणालास ना? दवाखाना बंद ठेवून आला असेल बिचारा."

चाळीस वर्षं मी जे लोकांना समजावू शकलो नव्हतो, ते आईला एका वडीत कळलं होतं.

तेव्हापासून आमचा शनिवार ठरलेला आहे. निंजांच्या रांगेची तिनेही नोंद घेतली आहे. "मागचा तो बारका बघ, अजून उड्याच मारतोय," असं ती स्वतःहून सांगते. गारफिल्डचा फोन पाहून तिने फक्त विचारलं, "लँडलाइन आहे का?"

गेल्या रविवारी साडू आले. मी हिस्टरी पुसली होती, अभ्रे घातलेले होते. चहा यायचा होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी प्रश्न आईकडे वळवला, "काय काकू, तुम्हीही बसता म्हणे रात्री याच्याबरोबर सिनेमे बघायला? काय बघितलंत?"

माझ्या पोटात गोळा आला. आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "इराणी."

"वा! कुठला?"

"नाव अवघड आहे हो. एक दातांचा डॉक्टर असतो, कुटुंब घेऊन परगावी जातो. तिथे त्यांना सगळे जेवा जेवा म्हणतात आणि मुलगा काही जेवू देत नाही."

साडूंनी डोळे मिटले. गळ्यातला पास हातात घेऊन त्याच्याशी क्षणभर चाळा केला.

"पाहिलाय मी," ते म्हणाले. "त्यातलं ते टेबलावरचं मौन... फार बोलकं आहे."

आईने एक शेंग फोडली आणि माझ्याकडे अजिबात बघितलं नाही.