हल्ली मी दिवसभर पीत असतो

वजन कमी करायचं ऑपरेशन झाल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "भूक लागत असेल ना रे फार?" आणि चेहरा असा करतो की मी आमरण उपोषणालाच बसलोय. अहो, भूक हा विषयच राहिलेला नाही. माझं झालं ते स्लीव्हचं ऑपरेशन, त्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि उरलेल्याला स्टेपल मारून एक अरुंद नळी ठेवतात. आता गंमत बघा, भूक लागली भूक लागली म्हणून मेंदूला कळवणारं जे घ्रेलिन नावाचं हार्मोन असतं ते सगळ्यात जास्त बनतं नेमकं त्या काढून टाकलेल्या भागात. म्हणजे बोंब मारणाराच गेला. पोट गपगार. खरा वैताग आहे तो पिण्याचा.

डिस्चार्जच्या वेळी डाएटिशियन मॅडमनी एक कागद हातात दिला. पहिले एक-दोन दिवस नुसतं पारदर्शक, म्हणजे पाणी, गाळलेलं सूप, पाणी घातलेला ज्यूस. नंतर साधारण दोन आठवडे दूध, प्रोटीन शेक वगैरे जाड प्रकार, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी माणसासारखं जेवण. दिवसाला दीड ते दोन लिटर पोटात गेलं पाहिजे, त्यात ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन पाहिजे, आणि प्यायचं कसं, तर ३० मिलीचा औषधाचा कप घेऊन तो १५ मिनिटं पुरवायचा. मी मान डोलावली. घरी आल्यावर पेन घेऊन बसलो. तासाला चार कप म्हणजे १२० मिली, म्हणजे दीड लिटरला साडेबारा तास, आणि दोन लिटर करायचे तर जवळजवळ सतरा. सतरा! नोकरीसुद्धा आठ तासांची असते हो, आणि तिला रविवार असतो.

त्यात अटी. सोडा, कोल्ड्रिंक बंद कारण गॅस. स्ट्रॉ बंद कारण स्ट्रॉबरोबर हवा पण पोटात जाते आणि त्या नळीत हवेला जागा नाही. गोड नको, कॉफी सध्या नको. मोठा घोट तर अजिबात नको. आणि मोठा म्हणजे किती, तर आपण आयुष्यभर जो साधा घोट म्हणत आलो तेवढा. एकदा फोनवर बोलता बोलता सवयीने पाणी गटकन घेतलं गेलं, तर छातीच्या हाडामागे अशी कळ आली की समोरच्याला वाटलं लाइन कट झाली. मग उचकी, मग नाक गळायला लागलं, डोळ्यात पाणी. नवीन पोट भरलं की असंच कळवतं म्हणे, बऱ्याच जणांना उचकी येते, कुणाला शिंका येतात. आधीचं पोट निदान ढेकर देऊन सांगायचं आणि तेही सगळं उरकल्यावर.

खांद्याचं तर सांगायचंच राहिलं. ऑपरेशन पोटाचं आणि पहिले काही दिवस ठणकतो खांदा! दुर्बिणीतून करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, त्यातला थोडा आत राहतो, तो श्वासपटलाला टोचत राहतो आणि त्याची कळ जाते खांद्याला. उपाय काय, तर चाला. म्हणजे एका हातात सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हातात तो चिमुकला कप आणि मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतोय, दर पाच पावलांवर थांबून ओठ ओले करतोय.

घरी आल्यावर बायकोने मोबाईलवर दर पंधरा मिनिटांचा अलार्म लावला. अलार्म वाजला की घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून आवाज येतो, "घेतलंस का?" मी म्हणतो घेतलं. मग ती येऊन कप बघते. इतकी वर्षं हीच बाई "किती खातोस, पुरे कर" म्हणायची, आता "अरे थोडं तरी घे ना" म्हणून मागे लागते. आईची तर वेगळीच अडचण आहे, तिला मला वाढता येत नाही. ती सूप करते, छान भाज्या शिजवते, घरभर वास सुटतो, आणि मग सगळं गाळणीवर ओतून चोथा दाबून दाबून काढते आणि मला खालचं पाणी. वरचं सगळं पोरं खातात, तेही "आजी मस्त झालंय" म्हणत. तोंडाला पाणी सुटतं ते त्या दोन लिटरमध्ये धरायचं का हे मॅडमना विचारायचंय.

प्रोटीन पावडर हा स्वतंत्र छळ. डब्यावर व्हॅनिला लिहिलेलं असतं, चवीला ओला खडू. कुणीतरी सुचवलं की गरम करून घे, बरं लागतं, म्हणून उकळत्या दुधात टाकली तर प्रोटीनच ते, त्याच्या गुठळ्या झाल्या आणि रबरी गोळे तरंगायला लागले. आधी गार दुधात नीट कालवायची आणि मग कोमट करायची, हे ज्ञान तो टोप घासताना मिळालं. शिवाय जीभसुद्धा बदलते, कालपर्यंत चालणारी चव आज नकोशी होते, म्हणून मोठा डबा एकदम घेऊ नका एवढा फुकटचा सल्ला देऊन ठेवतो.

पण सगळ्यात हाल आहेत ते दातांचे. पोट गप्प आहे पण तोंडाला कुणी काही कळवलेलंच नाही, त्याला चावायचंय. मी हल्ली दात घासायला उत्सुक असतो. आणि दिवसाची खरी मेजवानी म्हणजे चघळायची मल्टिव्हिटॅमिनची गोळी. ती जन्मभर घ्यायचीय, लोह, कॅल्शियम, बी १२ सकट, आणि लोक त्याबद्दल हळहळतात, मी मात्र दुपारपासून वाट बघतो. खुर्चीत नीट बसतो, टीव्ही बंद करतो, गोळी आधी पुढच्या दातांनी अर्धी तोडतो, कट् असा आवाज येतो, तो ऐकतो. मग अर्धी डाव्या दाढेखाली, अर्धी उजव्या. संत्र्याचा वास आणि मागून लोखंडाची चव. पोरगा विचारतो, "बाबा, एवढं काय खाताय?"

आणि एवढं सगळं करून लोक म्हणतात, "बरंय तुझं, शॉर्टकट मारलास." ऑपरेशनच्याही आधी लिव्हर आक्रसावं म्हणून लिक्विडवर ठेवलं होतं, कारण ते जठरावर आडवं पसरलेलं असतं आणि सर्जनला उचलून धरावं लागतं. म्हणजे मी दोन्हीकडून प्यायलोय. शॉर्टकट म्हणणाऱ्याला मी तो ३० मिलीचा कप देतो आणि म्हणतो पंधरा मिनिटं पुरव. अजून एकानेही पुरवलेला नाही.

परवा मॅडमचा फोन आला, आता मिक्सरमधलं सुरू करा. मी खुर्चीतून उठलोच. "फक्त एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "खाताना प्यायचं नाही आणि खाल्ल्यावर अर्धा तास पाणी बंद. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खा."

"आणि दोन लिटर?"

"ते आहेच."

मी पुन्हा पेन काढलं. दिवस चोवीस तासांत बसेना. "मॅडम, मग झोपायचं कधी?"

"झोपा की," त्या म्हणाल्या, "मध्ये जाग आली तर एक घोट घ्या."