मुंगसाने हवाईचा ऊस वाचवला? नाही.

सोलापूरच्या ऊस उत्पादकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'हवाईत भारतातली मुंगसं सोडली अन् उंदीर संपले, आपणही फडात सोडू.' मुंगसं सोडली हे खरं, उंदीर संपले हे खोटं.

1872 साली कलकत्त्याहून ती जमैकाला गेली आणि 1883 मध्ये तिथून हवाईत. पण मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर मुख्यतः रात्री. गाठ पडणार कधी? उंदीर राहिले, मुंगसं मात्र जमिनीवरच्या घरट्यांवर तुटून पडली.

हवाईत मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. त्यामुळे जमिनीवर अंडी घालणाऱ्या नेने या हंसाला अशा चोराची सवयच नव्हती. शिकार आणि इतर शत्रूंचीही भर पडून विसाव्या शतकाच्या मध्याला रानात जेमतेम 30 नेने उरले.

आपल्या नान्नजच्या माळावर टिटवीही उघड्यावरच अंडी घालते. पण मुंगूस दिसलं की कलकलाट करत अंगावर झेपावते. पिढ्यान् पिढ्यांचं वैर आहे ते!

आणि सोडायची कशाला? बांधावर मुंगसं आहेतच. ती पकडणं कायद्याने गुन्हा आहे.