‘एफएमजीई पास झालं की डॉक्टर’ : हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

नीटचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, आशय तोच असतो: ‘भारतात सीट नाही मिळाली? काळजी नको. डब्ल्यूएचओच्या यादीतल्या परदेशी विद्यापीठात एमबीबीएस करा. नीट नुसती दिलेली असली तरी चालतं. परत येऊन एफएमजीई पास झालं की भारतात डॉक्टर. परीक्षा कितीही वेळा देता येते. आणि आता नेक्स्ट येणार, म्हणजे जुने नियम जाणार.’

एफएमजीई म्हणजे परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना भारतात द्यावी लागणारी पात्रता परीक्षा, आणि नेक्स्ट म्हणजे तिच्या जागी येऊ घातलेली परीक्षा. हा मेसेज वाचून कर्ज काढणारी घरं आहेत, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

पहिला दावा नीटचा. २०१८ मध्ये नियम बदलला आणि परदेशी वैद्यकीय प्रवेशासाठीही नीट-यूजी सक्तीची झाली. नुसतं परीक्षेला बसून भागत नाही, पात्र ठरावं लागतं. खुल्या गटासाठी ५० पर्सेंटाइल, राखीव गटांसाठी ४०. परदेशी प्रवेशापुरता हा निकाल तीन वर्षं चालतो. या सक्तीला आव्हान दिलं गेलं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिकडच्या विद्यापीठाला नीटशी काही देणंघेणं नसतं, ते प्रवेश देऊन मोकळं होतं. ‘पुढच्या वर्षी नीट काढ, आता जा’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे. त्याचा फटका बसतो तो डिग्री घेऊन परतल्यावर, एफएमजीईचा फॉर्म भरताना.

डब्ल्यूएचओचं चटकन सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याही मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही, ते तिचं कामच नाही. एखाद्या जागतिक सूचीत कॉलेजचं नाव असणं म्हणजे ते कॉलेज अस्तित्वात आहे, एवढंच. आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, परदेशी विद्यापीठांची ‘मान्यताप्राप्त’ यादी काढत नाही. ‘एनएमसी ॲप्रूव्ह्ड’ असं छापलेलं माहितीपत्रक हातात आलं, तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

आता मुख्य दावा: परीक्षा पास झालं की डॉक्टर. एफएमजीई वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. यामुळे सगळ्यांचं लक्ष त्या १५० वर खिळतं. क्लासेसही त्याचेच निघतात. पण नोंदणीसाठी परीक्षा ही अनेक अटींपैकी एक अट आहे. १८ नोव्हेंबर २०२१ ला एनएमसीने परदेशी पदवीधरांच्या लायसन्सचे नियम अधिसूचित केले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ते लागू आहेत, आणि त्यातल्या बहुतेक अटी प्रवेश घेतानाच पाळल्या जातात किंवा मोडल्या जातात.

कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा. इंग्रजी माध्यमातून हवा. त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. सगळं शिक्षण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच संस्थेत, कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात नको. परत आल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. शिवाय ज्या देशाची पदवी, त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने प्रॅक्टिस करण्याचं लायसन्स मिळायला हवं.

यातली प्रत्येक अट कुणाला ना कुणाला अडवते. फिलिपिन्सचं उदाहरण घ्या. तिथे आधी बीएस ही विज्ञानाची पदवी आणि मग चार वर्षांचं एमडी, म्हणजे तिथली मूळ वैद्यकीय पदवी, अशी रचना आहे. एजंट दोन्ही जोडून वर्षं मोजतो. एनएमसीच्या लेखी बीएस हा वैद्यकीय शिक्षणाचा भाग नाही, ती पूर्वतयारी आहे. उरतात चार वर्षं, म्हणजे ४८ महिने. सहा महिने कमी पडले तर ते नंतर कुठे भरून काढता येत नाहीत.

माध्यमाचंही तसंच. प्रवेशपत्र हातात घेऊन ‘मीडियम’ची ओळ वाचा. पहिली दोन-तीन वर्षं इंग्रजी आणि पुढे वॉर्डात गेल्यावर स्थानिक भाषा, असं ‘बायलिंग्युअल’ प्रकरण त्या एका शब्दाआड असू शकतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीने फी कमी म्हणून तिसऱ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात बदली घेतली. एजंटने ‘क्रेडिट ट्रान्सफर होतात’ एवढंच सांगितलं होतं. क्रेडिट झालेही ट्रान्सफर. पण तिच्या गुणपत्रकांवर दोन विद्यापीठांचे शिक्के आहेत, आणि नियम एकाच संस्थेचा आहे. ती हुशार आहे, १५० गुण तिला जड नाहीत. तिची अडचण अभ्यासाने सुटणारी नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

लायसन्सची अट तर मेसेजमध्ये कधीच नसते. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोर्स चालवतात. पदवी देतात, पण त्या पदवीवर त्याच देशात प्रॅक्टिस करता येत नाही. जी पदवी तिच्या स्वतःच्या देशात चालत नाही, ती इथेही चालणार नाही.

‘कितीही वेळा परीक्षा’ हे अर्धं खरं. एफएमजीईच्या प्रयत्नांवर आकड्याची मर्यादा नाही. पण नव्या नियमांत कोर्सला प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांत सगळं पूर्ण करायचं आहे. त्यातली साडेपाच वर्षं परदेशातच जातात.

राहिलं नेक्स्ट. २०१९ च्या एनएमसी कायद्यात ही परीक्षा आहे, २०२३ मध्ये तिचे नियमही आले आणि त्याच वर्षी जुलैत ती पुढे ढकलली गेली. ती आली तर एफएमजीईची जागा घेईल. पण ५४ महिने, एकच संस्था, इंग्रजी, लायसन्स या अटी परीक्षेच्या नियमांत नाहीतच. त्या २०२१ च्या नियमांत आहेत, आणि त्या नियमांनी नेक्स्ट गृहीत धरलेलीच आहे. परीक्षेचं नाव बदललं तरी या अटी तशाच राहतात.

म्हणून पैसे भरण्याआधी एजंटकडून नाही, थेट विद्यापीठाकडून पत्र मागवा: इंटर्नशिप वगळून कोर्स किती महिन्यांचा, शेवटच्या वर्षापर्यंत माध्यम कोणतं, इंटर्नशिप कुठे, आणि या पदवीवर तुमच्या देशात लायसन्स मिळतं का. चारही उत्तरं लेखी, शिक्क्यासह. एखादं उत्तर टाळलं, तर तिथे प्रवेश घेऊ नका.