भरून आलं, पण कशानं?

परवा संध्याकाळी गल्लीतली मुलं वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आली. त्यातली दोघं माझ्याच बारावीच्या जीवशास्त्राच्या वर्गात बसून गेलेली. चहा घेता घेता एकानं लेझरनं डोळा भाजलेल्या माझ्या भाच्याची चौकशी केली, "सर, त्याचा डोळा भरून आला ना आता?" पोरानं मनापासूनच विचारलं होतं. पण 'भरून आला' हा शब्द तेव्हापासून डोक्यात घोळतोय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

गेल्या वर्षी विसर्जनाला भाचा नाशिकच्या मेन रोडवर लाइटच्या ट्रकसमोर नाचत होता. कुठलं मंडळ ते लिहीत नाही, लिहून डोळ्याचा पडदा परत येणार नाही. लेझरचा हिरवा झोत डोळ्यावर आला, यानं डोळे चोळले आणि परत नाचायला लागला. दुखलं काहीच नाही. पडद्याला दुखतच नाही, सगळी गोम तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी बसची 'निमाणी' ही पाटी वाचताना त्याचा हात सहज उजव्या डोळ्यावर गेला आणि माझा फोन वाजला. "मामा, निमाणीतला नि दिसतोय, णी दिसतोय. मधला मा कुणीतरी खाल्लाय."

2023च्या मिरवणुकीनंतर अशीच तरुण मुलं नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आली होती, पेपरात ठळक छापून आलं होतं. तरी आपण वर्षभरात विसरलो.

डॉक्टरांनी ओसीटी काढली. पडद्याचा उभा छेद, राखाडी-काळ्या थरांचा. मधोमध नेहमीची खळगी, आणि तिच्या बरोबर खाली शेवटच्या दोन पांढऱ्या रेघा उंदरानं कुरतडल्यासारख्या तुटलेल्या. जेमतेम सुईच्या टोकाएवढी जागा. पण आपण अक्षर वाचतो ते नेमकं तिथंच. डोळ्याचं भिंग समांतर झोत एका ठिपक्यावर गोळा करतं, पडद्यावर प्रकाशाची तीव्रता सुमारे लाखपट होते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. भाड्यानं आणलेल्या लेझरला तेवढा वेळ पुष्कळ.

आता त्या भाजलेल्या जागी पुढं काय होतं ते बघा. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मागं रंगद्रव्याचा काळा थर असतो. हिरवा लेझर तोच शोषतो, तापतो, आणि शेजारच्या पेशींनाही भाजून काढतो. मग कामाला लागतात म्युलर पेशी. 1851 साली हाइनरिख म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं त्या पहिल्यांदा वर्णन केल्या. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उभ्या, मांडवाच्या खांबांसारख्या. चेतापेशींना पोसणं, कचरा काढणं, क्षार-पाणी सांभाळणं ही सगळी घरकामं त्यांची. शिवाय 2007 साली असंही दिसलं की त्या प्रकाशवाहक धाग्यांसारखा उजेड प्रकाश टिपणाऱ्या पेशींपर्यंत नेतात. मला या पेशींचं फार कौतुक वाटतं, वर्गात हा भाग शिकवताना तास हमखास लांबतो.

जखम झाली की त्या फुगतात, आत ताठ तंतूंची प्रथिनं वाढवतात, जवळच्या जिवंत पेशी तगाव्यात म्हणून पोषक द्रव्यं सोडतात. दुसऱ्या सफाई पेशी येऊन मेलेलं खाऊन टाकतात. काळ्या थराच्या कडेच्या पेशी पसरून भोक झाकतात. आणि प्रकाशपेशी मेल्या तिथं जी मोकळी जागा उरते, तिच्यात म्युलर पेशी हातपाय पसरून बसतात. म्हणजे भरून येतं, हो. पण बघणाऱ्यानं नाही, सांभाळणाऱ्यानं. आचारी मेला आणि त्याच्या जागेवर मांडववाला येऊन बसला, तर पंगत उठणार कशी?

गंमत अशी की झेब्रा माशात याच पेशी अशी जखम झाली की विभागतात आणि काही आठवड्यांत नव्या प्रकाशपेशी तयार करून देतात. आपल्यात ते होत नाही. 2017 साली सिअ‍ॅटलच्या शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदरांत एक जनुक चालू करून आणि वर औषध देऊन म्युलर पेशींपासून चेतापेशी घडवल्या. मात्र त्या आतल्या थरातल्या, प्रकाश टिपणाऱ्या नव्हेत. त्यामुळे 'आता स्टेम सेल निघालेत' म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या थेंबांच्या जाहिराती मला कृपा करून पाठवू नका.

आता कुणी म्हणेल, सर, लेझरनं तर डोळे बरे करतात. करतात की! आमच्या अण्णांचे केले आहेत. 1945च्या सूर्यग्रहणानंतर मायर-श्विकेराट या जर्मन डॉक्टरांनी ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलेल्यांच्या पडद्यावरचे व्रण पाहिले, आणि त्यांच्या मनात आलं, हाच व्रण मुद्दाम केला तर फाटलेला पडदा चिकटवता येईल. आधी ते उन्हानंच डाग देत, नंतर झेनॉनचा दिवा आला, 1960 नंतर लेझर. अण्णांना मधुमेह. त्यांच्या पडद्याच्या कडेला, मध्य सांभाळून, शेकडो ठिपके मारले. तिथल्या प्रकाशपेशी जाणूनबुजून मारायच्या, म्हणजे प्राणवायूची मागणी घटते आणि ठिसूळ नव्या रक्तवाहिन्या आक्रसतात. मध्याची नजर वाचली. बदल्यात दिवेलागणीला अण्णांना अंगणातली पायरी दिसत नाही.

अण्णांच्या पडद्यावर आणि भाच्याच्या पडद्यावर पेशींनी एकच काम केलं. फरक जागेचा, आणि लेझर कुणाच्या हातात होता त्याचा. अण्णांच्या वेळी डॉक्टर हनुवटी टेकवून, बाहुली मोठी करून, एकेक ठिपका मोजून मारत होते. मेन रोडवर तो ट्रकच्या दांडीला तारेनं बांधला होता.

भाच्याची नजर पहिल्या तीन महिन्यांत थोडी सुधारली, मग थबकली. चौकटीच्या वहीत बघितलं की मधल्या दोन रेघा वाकतात. इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या तासाला डोळा मिटून काम भागवतो म्हणे.

मी मिरवणुकीच्या विरोधात नाही. वीस वर्षं नाशिक ढोल वाजवलाय, खांद्यावर वळ अजून आहेत. मला राग आहे तो 'होतं हो बरं' म्हणण्याचा.

मुलांना हे सगळं सांगितलं. चहा गार झाला त्यांचा. लाइटवाल्याचं विचारलं तर एक म्हणाला, "सर, लेझर पॅकेजमध्येच येतो, नको म्हटलं तरी पैसे तेच." मी म्हटलं, पैसे द्या, ट्रकवर चढवू नका. पावती पाचशे एकची फाडली, पण पैसे अजून त्यांच्याकडे दिलेले नाहीत. उद्या लाइटवाल्याचा नंबर आणून देणार आहेत.